निलगिरीखालची माती

आबा, गेला महिनाभर मी मेढ्याच्या वरच्या डोंगरावर, तुमच्या निलगिरीत जातेय. 'तुमची' म्हटलं की आई फणकारायची, "त्यांची कशी? सरकारची हाय ती." पण फॉरेस्ट गार्ड म्हणून तिथलं रान तोडून घेतलंत तुम्ही, खड्डे खणून घेतलेत तुम्ही, आणि सत्तरच्या दशकातले आमचे सगळे सणवार त्या रोपांनी खाल्ले. मी आणि आई सांगलीत मामाकडे, तुम्ही डोंगरावर. मामा हळदीच्या पेठेतून घरी आला की विचारायचा, "कवा येनार गं तुझा बा?" मला त्या झाडांचा लय राग यायचा. आई त्यांना सवत म्हणायची, आणि म्हणताना हसायचीही नाही.

एका मेच्या सुट्टीत तुम्ही मला वर नेलंत. दोन-चार दिवस तरी बाप माझ्या एकटीचा, म्हणून मी एसटीत डोळासुद्धा मिटला नाही. आणि वर पोचते तर काय, दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे होते! तुम्ही माझ्या हातात खराटा दिलात. अख्खं रोपवन झाडायचं. पानं, काटक्या, सालपटं, सगळं ओढून खालच्या ओढ्यात. मी म्हटलं, "आवं आबा, रान कुनी झाडतं व्हय?" तुम्ही डाफरलात, "पावना येनार म्हटल्यावर अंगन झाडत न्हाई का? गप झाड." साहेब आले, "वा, काय स्वच्छता!" म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले. झालं! मग दरसाल तुम्ही झाडूनच घेत राहिलात. पण त्या संध्याकाळी चुलीपाशी माझ्या फोड आलेल्या तळहातांना खोबरेल लावताना तुम्ही इतके खूश होता, की मला राग धरताच येईना. तुमच्याजवळ बसल्याची तेवढी एकच संध्याकाळ माझ्याकडे आहे.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, सांगलीच्या कॉलेजात शिकवलं, निवृत्त झाले. आई गेल्यापासून घरात एकटीच असते. आता काही संशोधकांबरोबर जंगलातली हवा मोजते. हसू नका. तळ नसलेला डबा मातीवर बसवायचा, आत साठलेली हवा सिरिंजनं काढायची आणि प्रयोगशाळेत बघायचं, की पृथ्वी तापवणारे वायू या मातीतून किती बाहेर पडतात आणि किती ती पोटात घेते. चांगली माती मिथेन खाते, आबा. तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं ते काम. वरच्या अंगाला तुमच्या हातून तोडायचं राहून गेलेलं हिरडा-जांभळाचं रान आहे ना, तिथली पोटभर खाते. तुमच्या निलगिरीखालचीनं तेवढंच खावं, एवढीच माझी इच्छा होती. ज्या झाडांपायी तुम्ही आम्हाला सोडून राहिलात, त्यांचं निदान रान तरी झालेलं असावं की नाही?

नाही झालं. माती कडक, उघडीबोडकी, खाणं अगदीच कमी. त्याला कारणं बरीच असतात, झाडाची जात, उतार, पाऊस. पण वर्षानुवर्षं पाला ओढून नेला तर माती उपाशीच राहणार, हे मला कळतं. बरोबरचे सहकारी म्हणाले, "मॅडम, कुणी लावलंय हो हे?" मी म्हटलं, "होते एक गार्ड." त्यांच्याकडे पाठ केली आणि रडले. तुमच्यावर चिडून रडले, आणि तुमची बाजू घ्यायला जगात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही म्हणूनही.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, म्हणून आणखी एक सांगते. डबा बसवताना त्यावर वाकून बोलायचं नसतं. माणसाच्या श्वासातला कर्बवायू आत गेला की नमुना वाया जातो. हे मीच सगळ्यांना दरडावत असते. तुमच्या निलगिरीतला एक नमुना टाकून द्यावा लागला, त्यात कर्बवायू भलताच निघाला. सिरिंज खराब असेल, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. सिरिंज चांगली होती. डबा बसवताना मी तुमच्याशी बोलत होते.