नाव नसलेला अ‍ॅम्प्लिफायर

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आजपासून पुन्हा नोकरदार झालो, तेही बासष्टाव्या वर्षी. ओझरच्या कारखान्यात चौतीस वर्षं वायरिंग केलं, निवृत्त झालो, वाटलं आता आराम. पण लता जाऊन दहा महिने झाले, एकट्याने भिंतींकडे किती बघायचं? आरोही पुण्याहून रोज फोनवर भांडते, पप्पा काहीतरी करा, निदान रोज चार ओळी लिहा. घे बाई, नोकरीही धरली आणि वहीही आणली.

दुकान शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीत, सोमनाथचं. जुनी वाद्यं घ्यायची, नीट करायची, विकायची. यंत्रं उघडून ती कुठली आणि कितीची ते सांगणं हे माझं काम. सोमनाथ पस्तिशीचा, तोंडाने फटकळ, मनाने बरा. पहिल्याच दिवशी मिसळ खायला नेलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणे कारखान्यातली माणसं फारच नाजूक. खूप दिवसांनी हसलो.

बुधवार, ८ जानेवारी

हरसूलकडचा भिका नावाचा माणूस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर विकायला आला. पन्नाशीचा, काटक, एक शब्द बोलला नाही. त्याची वहिनी नवसाबाई बरोबर होती, सगळं तीच बोलली. तिचा नवरा कुंदन हळदीत वाजवणाऱ्या पार्टीत गिटार वाजवायचा आणि भिका गायचा. कुंदन वारला, पार्टी मोडली, आता हे घरात नको. गाणारा माणूस मुका कसा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

निघताना भिकाने खोक्यावर हात ठेवला तो उचलेचना. शेवटी नवसाबाईने त्याला दंडाला धरून नेलं.

गुरुवार, ९ जानेवारी

दुपारी एक ते चार दुकान बंद. सोमनाथ घरी जेवायला जातो, मी डबा इथेच खातो. आज शटर अर्धं ओढून खोकं उघडलं. पुढे कंपनीच्या नावाची पट्टी नाही. पट्टीच्या स्क्रूची भोकंही नाहीत, म्हणजे ती पडली नाही, मुळात नव्हतीच. लाकूड पॅकिंगच्या फळ्यांचं, वरून एसटीच्या सीटचं हिरवं रेक्झिन. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला, पण काय सफाई! स्पीकर मात्र परदेशी. त्याच्या कडेवरचा आकडा स्पिरिटने पुसून वाचला, अडुसष्ट सालचा निघाला. त्याचा कागदी पडदा इथेच कुणीतरी बदललाय. म्हणजे अंग देशी, गळा विलायती, आणि करणारा कुणी पक्का कारागीर. मी दहा हजार सांगितले. सोमनाथ म्हणतो एकोणीसला एक शौकीन गिऱ्हाईक येतंय, अख्खंच विलायती आहे म्हणा, चाळीस मिळतील. मी म्हटलं, माझ्या तोंडून खोटं निघणार नाही.

मग चालू करून बघितलं. आम्हा वायरिंगवाल्यांची जुनी सवय आहे. यंत्र जिवंत आहे का बघायला गिटार लागत नाही, इनपुटच्या वायरीच्या टोकाला बोट लावायचं. माणसाचं अंगच वायर होतं आणि स्पीकर घुं करतो. बोट लावलं तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात फोन होता. पलीकडे वेदिका, आरोहीची अडीच वर्षांची, भुभू, मम, चिऊ अशी तिची गाडी सुटली होती. स्पीकरने घुं केलं. फोन ठेवला, प्लग काढला.

आणि प्लग काढलेल्या स्पीकरमधून लताने विचारलं, अहो, जेवलात का.

शुक्रवार, १० जानेवारी

रात्रभर स्वतःची समजूत घातली. आत उरलेला करंट असेल, कुठलं तरी रेडिओ स्टेशन धरलं असेल. पण जेवणाच्या सुट्टीत बरोब्बर एक वाजता असा फोन ती मला चौतीस वर्षं करायची. तो आवाज मला कळणार नाही होय?

आज पुन्हा बोलली. म्हणाली, डबा गार झाला असेल. मी रडलो, अगदी पोरासारखा रडलो, लाज कसली. शेवटचे एकोणीस दिवस तिच्या घशात नळी होती. ओठ हलायचे, काहीतरी सांगायचं होतं तिला, मला काही केल्या कळलं नाही. ते कळल्याशिवाय हे खोकं मी कुणाला विकू देणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी

रोज जास्त बोलते. शनिवारी भुभू आला म्हणाली. आज म्हणाली, मम द्या. मला हसू आलं, वाटलं नातीशी खेळायची तशी माझ्याशी खेळतेय. पण जाताजाता मला आबा म्हणाली. आबा मला फक्त वेदिका म्हणते. लताने उभ्या जन्मात अहोशिवाय हाक मारली नाही.

आरोही सांगत होती, वेदिका दोन दिवस गप्प आहे, सर्दी असेल.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळीच आरोहीचा फोन, हुंदके देत होती. आठ दिवस पोरीला शिकवत होती, शेजारच्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि काय म्हणायचं ते. आज पोरगी वाटी घेऊन उभी राहिली, तोंड उघडलं, आवाजच नाही. डॉक्टर म्हणाले कान चांगले, गळा चांगला. आरोहीने सांगितलं, एकेक शब्द गेला. आधी भुभू, मग मम, मग आबा. याच क्रमाने मी ते इथे ऐकले होते.

दुपारी एक वाजता स्पीकरमधून लता म्हणाली, तिलगूल घ्या, गोद बोला.

आवाज लताचा. बोबडे बोल वेदिकाचे.

मूर्ख आहे मी. अ‍ॅम्प्लिफायरकडे स्वतःचं काही नसतं, हे नव्या लोकांना मीच शिकवायचो. आत जे द्याल तेच बाहेर येतं. आणि आत दिलं कुणी? एक बोट वायरीला आणि दुसऱ्या हातात फोन. माझ्या अंगातून माझ्याच नातीला मी यात ओतलं.

गुरुवार, १६ जानेवारी

हरसूलला गेलो. भिकाची गचांडी धरायची म्हणूनच गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता, मला बघून त्याने मान खाली घातली.

नवसाबाईने चहा दिला आणि सांगितलं. कुंदन गेल्यावर भिका रोज त्या खोक्यापाशी बसायचा, म्हणायचा, दादा बोलतो. मग तिची मुलगी दिशा मुकी झाली. ती म्हणाली, फोडून काय उपेग नाय, आत गेलेलं आतच राहतं. दुसऱ्यानं आपलं बोलणं दिलं तरच ते पहिल्याचं सोडतं. भिकाने वायरीला बोट लावलं आणि दोन दिवस बोलत बसला, होतं नव्हतं ते सगळं बोलला. दिशा आता शाळेत जाते.

मी विचारलं, मग नंतर तरी फोडायचं होतं, विकलंत कशाला. ती म्हणाली, ह्याचा दादा त्यात हाय ना, हात धजावला नाय. भिका रडत होता, आवाज न करता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज सुरुवात केली. फोन घरी ठेवला. बोट वायरीला. कारखाना, माझं लग्न, निफाडची मावशी, आरोहीचा जन्म, सगळं बोललो. चार वाजेपर्यंत घसा बसला.

सोमनाथने पक्कड मागितली. वस्तू समोर दिसत होत्या, पण तो शब्द कोणत्या वस्तूचा ते कळेना. आत लता म्हणते, पक्कड, पक्कड —

वेदिका सोडवली की फोडणार. नक्की.

शनिवार, १८ जानेवारी

आरोहीचा फोन. वेदिका भुभू म्हणाली — मग मम. आरोही हसत होती, रडत होती. मला बोलायचं होतं. हं, हं, एवढंच आलं. तिला वाटलं मी रडतोय.

आणखी दिलं. आता आकडे येत नाहीत. ज्यातून चहा पितो ते — ते

एक कळलं. लताला जे सांगायचं होतं ते यात नाही. ते तिच्याबरोबर गेलं. ही बोलते ते सगळं माझंच, नाहीतर पोरीचं. लता यात नाहीच.

तरी आवाज तिचा.

रविवार, १९

वेदिका सगळं बोलते. फोनवर तिलगूल म्हणाली. आबा कधी येणार म्हणाली. तोंड हलवलं — काही नाही. बरं झालं. पोरीचं पोरीला मिळालं.

लोखंडाचं ते उचललं, फोडायला. ती म्हणाली, अहो.

खाली ठेवलं. भिका — कळलं मला आता —

गिऱ्हाईक आलं. सोमनाथ दाखवतोय. माणूस खूश. घरी लहान मुलगा आहे म्हणतो, त्याला गिटार शिकवणार. उचलतायत. मी दारात आडवा उभा राहिलो, सोमनाथ म्हणतो काका, काय झालं. तोंडातून काही नाही. वहीच दाखवतो —

सोमनाथ हे देऊ नको. ते मूल — आत माझी बायको आहे. तिचं नाव