तळ्यात गेलेली चौथी ओळ

नोवा वारोश, जानेवारीचा तिसरा आठवडा

आदरणीय कूम रादोय्को,

(आदरणीय लिहिलं, कारण ज्याने माझ्या लग्नात माझ्या मागे उभं राहून मेणबत्ती धरली आणि माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर उचलून घेतलं, त्या कूमला दुसरं काय लिहायचं? पण चौथीत ज्याच्याशी एका बाकावरून ढकलाढकली केली त्याला ‘अहो’ म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही. तेव्हा यापुढे ‘तू’.)

तुझा गुडघा कसा आहे? ग्राझच्या दमट हवेत तो ठणकत असणार. विंका कुमेला आम्हा नवरा-बायकोचा नमस्कार सांग. तुझं इथलं घर छान आहे. छप्पर शाबूत, नळाला फडकी गुंडाळली आहेत, बर्फाच्या ओझ्याने आलुबुखाराची एक फांदी तेवढी गेली. कोठाराचं कुलूपही व्यवस्थित उघडतं आणि व्यवस्थित लागतं. (कुलूप मध्येच कुठून आलं, असं तुला वाटेल. सध्या वाटू दे.)

स्तामेन्काच्या मोतीबिंदूचं तुला ठाऊक आहेच. डिसेंबरात अशी अवस्था होती की उजव्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा आणि डाव्याला मी दिसायचो, पण मी आहे की खुंटीवरचा कोट आहे हे ती आवाजावरून ठरवायची. सात महिने थांबल्यावर डाव्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, अठरा डिसेंबर, सकाळी आठ, घाटापलीकडे खाली शहरात. चुकली तर पुढचा नंबर उन्हाळ्यात, आणि तोवर डाव्यात काय उरेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वर आणखी एक अट. त्या सकाळी रक्तदाब चढलेला असला तर टेबलावर घेतच नाहीत. म्हणजे तिला वेळेवर तर न्यायचं होतंच, शिवाय शांतही न्यायचं होतं.

आणि सोळाला बर्फ पडायला लागला. सतराला दुपारी कळलं की पहाटेची बस सुटणार नाही. माझ्या उन्हाळी टायरांवरून हात फिरवला तर माझ्याच डोक्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. टायरवाल्याकडे गेलो तर दार बंद. एकोणीसला संत निकोला, त्याच्या घरचा स्लावा, घराण्याच्या संताचा सण, आणि स्लाव्याला आपल्याकडे न बोलावता माणसं येतात, त्यामुळे किती मासे तळायचे याच्या धास्तीने माणूस दोन दिवस आधीच दुकान लावून घेतो. अर्ध्या गावाचा संत तोच. ज्याच्या त्याच्या दारात गव्हाचं पातेलं आणि अंगणात टबमध्ये जिवंत मासे. अशात मला घाटापलीकडे ने म्हणून कुणाला सांगणार?

तेव्हा चाकं मिळवली. वापरलेली होती, पण टायर झकास, हिवाळी, खोल नक्षीचे, गोणपाटात गुंडाळून कुणीतरी मायेने टांगून ठेवलेले. (कुणीतरी म्हणजे कोण, ते येईल ओघात.) त्यांची मूळ गाडी दुसऱ्या जातीची असली तरी चाकाला भोकं चारच, आणि माझ्या गाडीलाही चारच. तरी मी आंधळेपणाने बसवली नाहीत हे लक्षात घे. माझ्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे की समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर शंभर मिलिमीटर. मी आपली शाळेतली लाकडी पट्टी काढली, तीच, जिच्यावर तू खिळ्याने होडी कोरली होतीस. ती हातात आली की मला खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो, येलिसावेता बाईंची निळी शाल दिसते, आणि खिडकीबाहेर तो बर्च, जो आता नाही. बाई म्हणायच्या, मुलांनो, चार ओळींचं कडवं म्हणजे टेबल, चौथी ओळ आली की सगळं जागच्या जागी बसतं. असा विचार करत मी मापलं. बरोब्बर शंभर. (पट्टीचं शून्याकडचं टोक आपण दोघांनी गणिताच्या तासाला चावून दोन मिलिमीटरने कमी केलं होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही. शाल आठवली. चाकं अठ्ठ्याण्णवची होती.)

बोल्ट आत गेले, हे नमूद करतो. पहिला लोण्यासारखा. दुसरा जरा कुरकुरला. तिसऱ्याला मी पान्याला पाइप लावून लोंबकळलो. चौथा किंचित वाकडा बसल्यासारखा वाटला, पण तोवर अंधार पडत होता आणि मी एकेका चाकाला एकेक कडवं म्हणत होतो, एका बोल्टला एक ओळ, त्यामुळे मनाला बरं वाटत होतं. डिकीतलं जादा चाक काढून घरी ठेवलं, कारण डॉक्टरांसाठी घरच्या दारूचा, राकियाचा, बुधला न्यायचा होता आणि तो तिरका राहत होता.

पहाटे साडेपाचला निघालो. बर्फ थांबला होता, पाइनची झाडं खाली वाकून उभी, पुढच्या दिव्यांत सगळं पहिलीच्या पुस्तकातल्या चित्रासारखं. पहिले आठ किलोमीटर मी सुखात होतो. नवव्याला आवाज सुरू झाला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. मी म्हटलं, चाकाच्या वर बर्फाचा गोळा अडकला असेल, आणि नदीवरची कविता जरा मोठ्याने म्हणायला लागलो, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तुला माहीत आहे, डोळे गेल्यापासून तिचे कान टॉर्चसारखे झालेत. दोन कडवी तिने ऐकून घेतली. मग शांतपणे म्हणाली, “मिलिसाव, तुझी कविता एका तालात चाललीय आणि पुढचं उजवं चाक दुसऱ्या.”

“बर्फ आहे गं तो.”

“बर्फ वितळतो. हा वाढतोय. थांबव गाडी.”

थांबवायला हवी होती. पण वर जायला अजून अर्धा घाट, घड्याळात सहा दहा, आणि खाली उतरून मी बोल्ट ढिले असल्याचं पाहिलं असतं तर माझा चेहरा तिला दिसला नसता हे खरं, पण आवाज? तो तिने ओळखलाच असता, दाब चढला असता, आणि सात महिने गेले असते. म्हणून मी हळू झालो फक्त, आणि तिला म्हटलं, दीर्घ श्वास घे. ती म्हणाली, “मी घेतेच आहे. तू कधी घेणार आहेस?” स्टिअरिंग थरथरायला लागलं, तसं मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कोकिन ब्रोदच्या पुलावर आलो, खाली तळं काळंभोर, आणि तिसरी ओळ म्हणत असताना गाडी उजवीकडे गुडघ्यावर बसल्यासारखी बसली. लोखंड डांबरावर किंचाळलं. गाडी कठड्याला लागून थांबली, आणि आपलं चाक, म्हणजे ते चाक, आपल्या पुढून निघून गेलं. घाई नाही काही नाही. पूल ओलांडला, वळणावर सरळ गेलं, उतरणीला लागलं, आणि थोड्या वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

“काय होतं ते?” स्तामेन्काने विचारलं.

“मासा,” मी म्हटलं.

तिने माझा हात शोधून मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. सहा पंचवीस. रस्त्यावर कुणी नाही. आता सांगतो, रादोय्को, पासष्ट वर्षांत पाठ केलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून पुसलं गेलं. एक ओळ आठवेना. फक्त घड्याळ दिसत होतं.

अकरा मिनिटांनी समोरून पिवळा दिवा आला. बर्फ काढणारा ट्रक, आणि वर ओब्राद नावाचा आडदांड माणूस. खिडकीतून वाकून म्हणाला, “काका, मघाशी खालच्या वळणावर एक चाक माझ्या समोरून गेलं ते तुमचं का? मी त्याला वाट दिली.” मी स्तामेन्काचं ऑपरेशन सांगितलं. त्याने गाडीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, आणि विचारलं, “ही लग्नं कुणी लावली?” मग स्तामेन्काला लहान पोरीसारखं उचलून वर बसवलं, मला आणि बुधल्याला पायाशी कोंबलं, ट्रक वळवला. वर खिंडीत त्याची हद्द संपत होती, पलीकडे जायची त्याला परवानगी नव्हती. तिथे पलीकडच्या ट्रकवाल्याची वाट पाहत आम्ही पंचवीस मिनिटं उभे राहिलो. मी सारखा घड्याळाकडे पाहत होतो, आणि ओब्राद स्तामेन्काला स्लाव्याचा मासा तळताना मक्याचं पीठ लावायचं की गव्हाचं ते विचारत होता. तिने त्याला सगळं सविस्तर सांगितलं, मिठासकट.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं. नर्सने यादीवरून मान वर केली नाही. म्हणाली, यादी आठला बंद झाली, आजी. मी पायरीवरच बसलो. आणि नऊला डॉक्टर आले, गुडघ्यापर्यंत बर्फाने भरलेले. त्यांची गाडी त्यांच्याच फाटकात रुतली होती. यादी परत उघडली. स्तामेन्काचा दाब एकशे तीस. माझा सहज म्हणून मोजला, तर मला आडवंच केलं. म्हणून पुढचे दोन तास मी कॉरिडॉरमधल्या खाटेवर छताकडे बघत पडून होतो, आणि दार उघडलं की डॉक्टरांच्या हातांकडे बघत होतो, थरथरतायत का म्हणून. थरथरत नव्हते.

बाकी सर्व क्षेम. आता तिचा डावा डोळा वर्तमानपत्र वाचतो.

तुझा कूम आणि बाकसोबती,
मिलिसाव

ता.क. कोठाराचं कुलूप मी का काढलं ते तू ओळखलं असशीलच. तुझी लाल गाडी गेली तरी तिची चाकं होती, आणि कूमची वस्तू आपल्याला कशी बसणार नाही, असं मला मनापासून वाटलं. तीन परत टांगली आहेत. उन्हाळ्यात येशील तेव्हा चौथ्यासाठी आपण दोघं होडी घेऊन जाऊ.

ता.क. २ टांगण्यापूर्वी तीनही चाकं साबणाने धुवून अंगणात ठेवली होती. स्तामेन्का नव्या डोळ्याने सगळ्या जगाची तपासणी करत हिंडते, तशी तिथे आली, वाकली, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात काही लिहिलंय म्हणाली. अक्षर तुझं. पहिल्यावर ‘मिलिसाव’. दुसऱ्यावर ‘ही चाकं’. तिसऱ्यावर ‘तुझ्या गाडीला’.

चौथ्यावर काय होतं ते उलट टपाली कळव. माझं म्हणणं, ‘बसतील’. स्तामेन्का नुसती माझ्याकडे बघते, आणि आता तिला मी स्पष्ट दिसतो.