एका बिछान्यातले दोघे

बाल्टिक समुद्र, १९१५

ग्लाफिरा,

आज सकाळी माझी कामाची पाळी सुरू झाली तरी मी मुद्दाम डोळे मिटून पडून राहिलो. आमच्या पाणबुडीत दोघांत एकच बिछाना असतो. एक कामावर गेला की दुसरा त्याच्याच उबेत शिरतो. मला सोडून तू ज्याच्याशी लग्न केलंस, तो येफिम माझा जोडीदार आहे. उशी तू भरलेली. तिला त्याच्या केसांचा वास येतो, तरी मी तिच्यावर गाल टेकतो.

आपली पाळी संपवून तो ओल्या कपड्यांनी टॉर्पेडोला टेकून उभा होता. आम्हा खलाशांवरचा तांडेल खेकसला, "उठव की त्या थेरड्याला."

"झोपू द्या तिखोनकाकांना," येफिम म्हणाला. "घरी बायको उठवते तेव्हा माझ्याही जिवावर येतं."

ते ऐकल्यावर मला पडून राहवेना. प्रार्थनेत तुझं नाव घेतलं, त्याचं काही ओठांवर येईना. मग तांडेलाकडे गेलो आणि झोपायला टॉर्पेडोवरची उघडी फळी मागून घेतली. काकांनी आपल्यासाठी बिछाना सोडला, असं येफिम सगळ्यांना सांगतोय. सांगू दे. हे पत्र तुला पाठवणार नाही. फळी गार आहे, आणि माझ्याआधी तिच्यावर कोणी झोपलेलं नाही.

तिखोन