चोवीस तासांची टाकी

सेक्टर ६, भिलाई
१८ ऑक्टोबर २०२४

सौ. नलूताईले,

धाकट्या रेणूचा नमस्कार. भाऊजींलेही सांग. आम्ही इकडे मजेत आहो. आमच्या ह्यांची या आठवड्यात नाईट शिफ्ट आहे, म्हणून दुपारी घरात टीव्हीही बंद अन् माझं तोंडही बंद. तू पाठवलेलं लिंबाचं लोणचं संपलं. तुझी समीक्षा ठणठणीत आहे, दोन पोळ्या जास्तच खाऊन राहिली.

कोजागिरीच्या दिवशी तू फोन आपटला. आपल्या दोघींचं फोनवर जमत नाही ताई, दोघीही एकदम बोलतो अन् ऐकणारी कोणीच नसते. म्हणून ही चिठ्ठी. शुद्ध-बिद्ध लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवते. शाळेत दिवसभर शुद्धच बोलावं लागते. तुझ्याशी भांडायचं तर आपल्याच भाषेत भांडीन. रविवारी हे गोंदियाले येऊन राहिले, त्यांच्या हाती देते. त्यांच्यावर डाफरू नको, ते बिचारे नुसते पोस्टमन.

तू म्हणाली, "तू स्वतः गणिताची मॅडम, पोरगी तुझ्याच वर्गात, पेपर तुझ्याच हातचा, अन् तुले तिचे मार्क सांभाळता येत नाही?" अवं ताई, तू पोरगी माझ्याकडे शिकायले ठेवली का मार्क जमा करायले?

पहिले पेपराचं ऐक. आमच्या शाळेत एक रीत आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी पोरांले 'आयएमपी' द्यायचे. म्हणजे पेपरात कोणते प्रश्न येणार, त्यांच्यावर पुस्तकात खुणा करून द्यायच्या. मग पेपरात तेच प्रश्न, आकडेही तेच. पोट्टे पाठ करून येतात, नव्वद-पंच्याण्णव टक्के घेऊन जातात, मायबाप पेढे वाटतात. सगळे खूश. मीही इतकी वर्षं खुणा करून दिल्याच की. पण यंदा माझं डोकं सटकलं. आठवीतल्या पोरीले साधं विचारलं, "बेटा, हे असं कावून, का म्हणून केलं?" तर म्हणते, "मॅम, ये तो आयएमपी में नहीं था."

म्हणून सहामाहीले मी आयएमपी दिलेच नाही. बाहेरचं काही विचारलं नाही, देवाशपथ. पुस्तकातलीच गणितं घेतली, फक्त जराशी हलवली. त्यातलं एक तुले सांगते. पुस्तकात असं आहे, की नळ रिकामी टाकी सहा तासांत भरतो अन् तळाचं भोक भरलेली टाकी आठ तासांत रिकामी करते. दोन्ही सुरू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल? उत्तर चोवीस तास. मी काय केलं, नळाले आठ तास दिले अन् भोकाले सहा. म्हणजे येते त्याच्यापेक्षा जास्त पाणी जाते. अन् विचारलं, टाकी भरेल का? भरत असेल तर किती तासांत?

तू कणीक मळता मळता सांगशील, की बाई, अशी टाकी जन्मात भरणार नाही.

अख्ख्या वर्गानं लिहिलं, चोवीस तास. अख्ख्या वर्गानं! कोणी खाली दोन रेघा मारल्या, कोणी चौकोन काढला, अन् आत ऐटीत चोवीस. अर्ध्याच्या वर पोरं नापास झाली. समीक्षाचं सांगते पुढं, दम धर.

मग काय, पालक आले धावून. गुड्डूचे बाबा, राजकुमारजी, टेबलावर पेपर आपटून म्हणतात, "मॅडम, ये आउट ऑफ सिलेबस है." मी म्हटलं, "भाईसाब, टंकी सिलेबस में है, नल सिलेबस में है, छेद भी सिलेबस में है. आउट क्या है?" तर म्हणतात, "'नहीं भरेगी' ये कोई उत्तर हुआ? गणित में उत्तर नंबर होता है." मले हसू फुटलं, ताई. खरंच फुटलं. अन् मग रडू यायले लागलं, म्हणून मी पाणी प्यायले बाहेर गेली.

प्रिन्सिपल सरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. बच्चों के लेवल का पेपर बनाना चाहिए था, म्हणे. मी म्हटलं, "सर, त्यांची लेवल पाहिली कोणी? आपण त्यांना आजवर अवघड काही दिलंच नाही, तर त्यांना झेपत नाही हे आपल्याले कोणी सांगतलं?" ते नरमाईनं घेत होते. म्हणाले, नापास पोरांची पुन्हा परीक्षा घेऊ, आयएमपी देऊन घेऊ, अन् तुम्ही 'पेपर चुकला' असं दोन ओळीत लिहून द्या. मग हळूच म्हणाले, "और आपकी भांजी का हम वैसे ही देख लेंगे."

मी लिहून दिलं नाही. पेपर चुकला नव्हता, तर चुकला कशी लिहू? आता मले आठवीवरून काढून दुसरीवर टाकलं आहे. शिक्षा म्हणून. टाकू दे! दुसरीतल्या पोट्ट्यांले तर अजून आयएमपी माहीत नाही, ते दिवसभर 'कावून, कावून' विचारतात. माझं तिथं मस्त चाललं आहे.

आता समीक्षाचं. तुले मी फोनवर म्हटलं होतं, की थोडे कमी आले. थोडे नाही. ती नापास झाली. गणितात नापास. तिनंही चोवीसच लिहिलं, अन् चौकोनही काढला.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी दिवाळीसाठी अंगणात कूलर धुवायले काढला. खालचं बूच काढलेलं अन् वरून पाइप सोडलेला, पण नळाले धार कमी. समीक्षा झाडू घेऊन बाजूले उभी. मी तांदूळ निवडत होती. किती तरी वेळ ती पाहत राहिली. मग एकदम ओरडली, "मावशी, हा भरतच नाही ना! भरणारच नाही हा!" अन् कानापर्यंत लाल झाली. झाडू तिथंच टाकून आत पळाली, पेपरातली सगळी गणितं पुन्हा करत बसली. कुठं अडली तर 'हे कावून' म्हणून माझ्यामागं मागं फिरली. कावून, ताई! तुझी पोरगी कावून म्हणाली.

पुन्हा परीक्षेच्या दिवशी बाकीची नापास पोरं सगळी बसली अन् पास होऊन बाहेर आली. ही बसलीच नाही. सरांले सांगून आली, "मुझे पुराना वाला पेपर दीजिए, तो बैठूंगी." त्यांनी दिला नाही. मी तिले म्हटलं, "पोरी, कार्डावर लाल शेरा राहीन." ती म्हणाली, "राहू दे ना. सच तो है." आज आठवीत गणितात नापास अशी एकटी समीक्षा आहे, अन् ते गणित सोडवता येते अशीही एकटी तीच आहे.

भाऊजींनी म्हटलं आहे ना, नापास झाली तर आणून टाका घरी, बस झालं शिक्षण? त्यांले सांग, रेणू पोरगी पाठवत नाही. मी पाठवणार नाही. इथं येऊन भांडा, जेवून जा, पण पोरगी मिळणार नाही.

अन् तू कावून इतकी भिऊन राहिली, ते मले माहीत आहे. आपण दोघींनी कधी हा विषय काढला नाही. तू दहावीत गणितात गेली, बाबांनी तुझं कार्ड चुलीत घातलं, अन् उन्हाळ्यात तुझं लग्न लावून दिलं. मी फ्रॉकमध्ये होती, मांडवात लाडू खात होती. तुले बुद्धी नव्हती असं मी एक दिवसही मानलं नाही. तुले कोणी दुसऱ्यांदा बसूच दिलं नाही. तुझ्या वेळी लाल शेरा म्हणजे संपलं. हिच्या वेळी तसं होणार नाही, मी जिवंत आहे तोवर तर नाहीच.

सोबत समीक्षाचं कार्ड आहे. मावशीची सही शाळेत चालली असती, पण पोरगी म्हणते आईचीच पाहिजे. लाल शेऱ्याच्या बाजूले जागा आहे. तिथं पूर्ण नाव लिही, नलू म्हणून नको, नलिनी लिही. अन् रविवारी ह्यांच्याच हाती परत दे. हे कार्ड चुलीत जाणार नाही.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
रेणू