ग्लासातलं आगळ

न्यूयॉर्क,
६ ऑक्टोबर १९९८

प्रिय सुमती,

मी खुशाल आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे? डोंबिवलीत पाणी नीट येतंय का? दुधासाठी जिने उतरू नकोस, शेजारच्या नीलाला सांग.

काल आपल्या शशांकने मला एका फॅशनेबल हॉटेलात जेवायला नेलं. अंधार एवढा की ताटलीतलं दिसेना. इतके पैसे घेतात, मग एक दिवा लावायला काय होतं? बटाटावडा होता, चटणीही बरी होती. पण कौतुक सगळं दारूचं. आपली चिंच, आलं, जिरं घालून नाना रंगांची मिश्रणं करतात.

मग माझ्यापुढे एक लाल ग्लास आला. वासावरूनच ओळखलं, तू दिलेलं कोकमाचं आगळ! हॉटेलचा मालक शशांकचा मित्र. त्याला याने अख्खी बाटली देऊन टाकली होती. हो, मी ती दारू प्यायलो. रागावू नकोस. तुझं आगळ टाकून उठवेना.

आगळ चाखलं की शशांकला घर आठवेल, असं तू म्हणाली होतीस. म्हणून विचारलं, "घरची आठवण येते का रे?"

"पूर्वी यायची, बाबा," तो हसून म्हणाला. "आता सगळं इथेच मिळतं."

परत कधी येतोस, हे विचारायला तू मला पाठवलंस. मी विचारलं नाही.

त्याच्यासाठी घेतलेला ठाकुर्लीचा ब्लॉक भाड्याने देऊन टाकू. बाटली तेवढी मागून घेतली. धुऊन बॅगेत ठेवली आहे.

तुझा,
त्र्यंबक