काठावरचं नाव

७ एप्रिल, रविवार
मिळाली! विहिरीवरची मुलगी मिळाली! गुजरीत जुन्या कुलपांच्या ढिगाखाली बशी पालथी पडली होती. मागे फ्रान्सचा शिक्का, माझ्या चित्रांच्या बशांच्या संचात कमी होती ती हीच! "पारसी घरनो माल छे, बेन, असल!" म्हणे भंगारवाला. असल तर आहेच. शंभरेक वर्षांची, आणि एक टवका उडालेला नाही. नवागामला घरापर्यंत रिक्षात मांडीवर धरून आणली. आमचा नवरोबा हेमराज म्हणाला, "बाळंतीण आली!" हसू दे.

१२ एप्रिल
सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या. सोबत भांड्यांची गोणी. भिंतीकडे बघतच राहिल्या. "ताटल्या काय भितले टांगतस का?"
टांगतात! भांड्यांची मांडणी स्वयंपाकघरात लावा म्हटलं. ही भिंत मी सोडणार नाही.

१५ एप्रिल
शाळेतून आले तर खिळा रिकामा. मुलगी नाही! सासूबाईही घरात नाहीत. भंगारात तर दिली नसेल?

संध्याकाळी –
त्यांनीच आणली. भांड्यांच्या दुकानात नेली होती – नाव घालायला! आपल्याकडे वाटीलासुद्धा नाव लागतं ना. मशीनने काठावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव कोरलंय: सौ. उज्ज्वला. झिलईचे टवके उडालेत. "नाव नही ती वस्तू दुसरानी. आते कोनी लई जावाव नही." किती खुशीत होत्या! मी न्हाणीघरात जाऊन रडले.

१६ एप्रिल
माझा अबोला. त्यांचं "जेव ना, माय" चालूच.

२० एप्रिल
सुट्टी. गोणीतली भांडी चिंचेने घासायला त्यांच्याजवळ बसले. अबोला किती दिवस धरणार? तांब्यावर त्यांच्या वडिलांचं नाव. परातीवर सासऱ्यांचं. डब्यांवर हेमराजचं. तुमचं कुठेय, विचारलं.
"मन्हा नावनं एकबी भांडं नही." आणि हसल्या.
मग बशीवर हेमराजचं का नाही घातलं?
"तू धुंडीसन लयनी. मंग तुन्हंच नाव!"
परात दोघींनी मिळून धुतली.

२१ एप्रिल, रविवार
गुजरीला गेले नाही. भिंतीवरची पीठ मळणारी म्हातारी काढली – माझी सगळ्यात आवडती बशी. भांड्यांच्या दुकानात नेली. "टूट जाएगी, बहनजी," मशीनवाला म्हणाला.
म्हटलं, हळू चालव. काठावर लिही – कलाबाई.