लांडगीच्या पावलात पाऊल

सोमवार, ३ मार्च
आले एकदाची! सामान अजून खोक्यांतच आहे, पण टेबलावरची पाटी आधी पुसून घेतली : क्युरेटर. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पिल्लांना बाटलीनं दूध पाजलं, सापांच्या पेट्या घासल्या, तेव्हा कुठे प्राणिसंग्रहालयाची ही खुर्ची. ताईला फोन केला तर म्हणाली, अगं, स्वतःच्या लग्नात तरी एवढी खूश होतीस का? क्वार्टर दोन खोल्यांचं. खिडकीतून पाणघोड्याचा हौद दिसतो, वासही येतो. ताई आली की नाकाला रुमाल लावणार.

बुधवार, ५ मार्च
सगळीकडे फिरून आले. माकडं धडधाकट, अस्वलाचे दात खराब. जीव अडकला तो लांडगीत. एकटीच आहे. जाळीच्या कडेनं अकरा पावलं, डावीकडे मान टाकून वळण, परत अकरा. दिवसभर. पंजे सोलून निघालेत. कोंडलेल्या जनावरांना असा चाळा लागतो, त्यावर उपायही असतात. तिचे राखणदार काका मात्र जाळीकडे पाठ करून बसतात. विचारलं तर म्हणाले, बाई, तिला चालू द्या. रागच आला. इतक्या वर्षांत माणूस निबर होतो.

मंगळवार, ११ मार्च
मांस लपवून ठेवलं, ओंडके हलवले. ढुंकून बघत नाही. आज जाळीबाहेरून मीच तिच्या बरोबरीनं चालले. मी हळू झाले की तीही होईल, असा हिशेब. दुपारपर्यंत आमची पावलं एकदम पडायला लागली.

शुक्रवार, १४ मार्च
बसली! सकाळी साडेदहाला पाय दुमडून बसली आणि चक्क झोपली. मला रडू आलं. काका तिच्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होते.

रविवार, १६ मार्च
सुट्टी. खोकी उघडायची होती, राहिली. दार ते खिडकी, खिडकी ते दार. चहाही उभ्यानंच. आनंदानं होत असेल.

बुधवार, १९ मार्च
मीटिंगमध्ये बसवेना. उठून भिंतीकडेनं चालत बोलले. वळताना मान आपोआप डावीकडे जाते. मोजायचं नाही असं ठरवलं — अकरा.

शनिवार, २२ मार्च
काकांना गाठलं. त्यांनी माझ्याकडेही पाठ केली. म्हणाले, आधीच्या साहेबांना होतं हे. ते जाळीपाशी चालायचे, लांडगी त्यांच्या पावलात पाऊल टाकायला लागली आणि साहेब मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेले. जो बरोबरीनं चालतो, त्याच्याकडे जातं. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडले. तर म्हणाले, तुम्ही ऐकलं असतं?

मंगळवार, २५ मार्च
तळव्यांना फोड. झोप नाही. लांडगीच्या जाळीपाशी तासभर चालले. लिहिते खरं — तिला परत द्यायलाच गेले होते. ती उठली नाही. डोळे मिटून घेतले तिनं.

गुरुवार, २७ मार्च
फोनवर आवाज ऐकून ताई निघालीय. येऊ नकोस म्हटलं. ऐकते थोडीच. लहानपणी मी पडले की पहिली तीच धावायची. दाराला आतून कडी —

शुक्रवार, २८ मार्च
आली. कडी मीच काढली. का काढली?
लांब बस म्हणून ओरडले. ती म्हणाली, वेडी का गं तू, पायांतून रक्त येतंय. दंड धरला. मी थांबेना, तर बरोबर चालायला लागली. हळू, अजून हळू, म्हणत — अगदी मी जशी —

दुपारी
बसलेय. खुर्चीवर. पाय जागच्या जागी.
ताई चालतेय. म्हणते, काय गं हे, थांबताच येत नाही. अजून हसतेय. पोरं घरी वाट बघतायत तिची.
वळली. मान डावीकडे.
उठून तिच्या बरोबरीनं चालले की परत माझ्याकडे येईल. एवढंच करायचंय. हाक मारतेय ती. उठते. हे एवढं वाक्य लिहून झालं की उठतेच, फक्त पाय जरा —